दयेचा नित्यनेम

एखाद्याची अगदीच दुर्दशा झाली की मराठी माणूस म्हणतो, "त्याचे हाल कुत्रे खात नाही." जगात जे जे उष्टे, शिळे आणि टाकाऊ ते कुत्र्याने खावे, आणि त्यानेही ज्याला तोंड लावू नये अशी ती दशा, असा या वाक्प्रचाराचा भाव. दुःखाची परिसीमा मोजण्यासाठी आपण या प्राण्याला माप म्हणून वापरले. त्याच्या स्वतःच्या हालांचे माप मात्र भाषेने कोठे ठेवले नाही.

याच भाषेची दुसरी बाजूही आहे. दत्तात्रेयांच्या पायांशी चार श्वान बसलेले असतात. खंडोबाच्या देवळात त्याच्या कुत्र्यालाही मान असतो. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपल्याला बाळपणीच भेटतात, आणि कुत्र्याला बाहेर ठेवून मिळणारा स्वर्ग नाकारणारा धर्मराज थोडे मोठे झाल्यावर. एकीकडे धोंडा आणि दुसरीकडे नमस्कार, अशा दोन टोकांना आपण या प्राण्याला ठेवले आहे. गंमत अशी की, त्याला दोहोंपैकी कशाचीच गरज नसते. त्याला हवे असते ते मधले काही तरी. आणि ते मी प्रथम पाहिले ते आमच्या आजीपाशी.

नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी होती त्या काळात आमचे आजोबा नोकरीच्या निमित्ताने बालाघाटास आले आणि वैनगंगेच्या काठी कायमचे राहिले. आजीच्या स्वयंपाकघरात पहिली पोळी गायीची आणि शेवटची कुत्र्याची, असा नियम होता. शेजारच्या हिंदीभाषक घरांतही तोच. आजीला कुत्र्यांचा लळा होता असे मुळीच नाही. ती त्यांना शिवत नसे, आणि एखादे ओसरीवर चढलेच तर हातातली केरसुणी दाखवून त्याला खाली उतरवी. परंतु दुपारची शेवटची पोळी अंगणाच्या कोपऱ्यातल्या दगडावर ठेवली गेली नाही, असा दिवस मला आठवत नाही. घरात आजारपण असो, पाहुण्यांची वर्दळ असो, दगडावर पोळी पडेच. शास्त्रात याला भूतयज्ञ म्हणतात हे मला पुष्कळ नंतर, ग्रंथ वाचताना कळले. आजीला तो शब्द ठाऊक नसावा. तिला वेळ ठाऊक होती.

दया ही मनाची उसळी आहे की हाताची सवय, हा प्रश्न मला पुढे अनेकदा पडला. तो सर्वांत तीव्रतेने पडला तो जुलै २०१६ मध्ये. चेन्नईत वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाने एका मादी कुत्र्याला इमारतीच्या गच्चीवरून खाली फेकले, आणि त्याच्या सोबत्याने त्याचे चित्रीकरण केले. ते चित्रण देशभर पसरले. पाहणारा प्रत्येक जण ती मेलीच असे धरून चालला होता. परंतु प्राण्यांसाठी काम करणाऱ्या काही तरुणांनी शोध सोडला नाही, आणि सुमारे दहा दिवसांनी ती जिवंत सापडली. तिचा मागचा पाय मोडलेला होता. तिच्यावर उपचार झाले, ती सावरली, आणि तिला वाचविणाऱ्यांनी तिचे नाव भद्रा ठेवले.

सगळ्यांच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. जुलै २०१९ मध्ये मुंबईत वरळीला मुसळधार पावसात एका इमारतीच्या आवारात आसरा शोधणाऱ्या कुत्र्याला बेदम मारहाण झाली. लोकांनी त्याचे नाव 'लकी' ठेवले, उपचारांची पराकाष्ठा झाली. पण काही दिवसांनी तो गेला.

अशा बातम्या आल्या की आपण हळहळतो. चार दिवस संताप टिकतो. माझे कुतूहल मात्र पाचव्या दिवसाचे आहे. बातमी शिळी झाल्यावर त्या प्राण्याचे कोण करते, आणि काय करते?

जखमी कुत्रे निवाऱ्यात येते तेव्हा पहिला शत्रू असतो तो धक्का. हिरड्या पांढुरक्या आणि गार पडलेल्या असतात, श्वास उथळ असतो. म्हणून आधी ऊब, शिरेतून सलाइन आणि वेदना शमविणारे औषध. हाडाचे चित्र त्यानंतर. उचलताना त्याला फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर घेतात, कारण पाठीचा कणा दुखावला असल्यास नुसते कवेत उचलणेही घातक ठरते. मोडलेल्या हाडाला प्लास्टर घालतात अथवा आतून सळई वा पट्टी बसवितात. जखमेत अळ्या पडल्या असतील तर त्या एकेक काढाव्या लागतात. आज काढल्या तरी उद्या पुन्हा पाहावे लागते. पाय वाचणारच नसेल तर तो काढून टाकतात, आणि तीन पायांवर कुत्रे थोड्याच आठवड्यांत असे चालू-पळू लागते की पाहणाऱ्याने आपल्या दोन पायांविषयी तक्रार करू नये. कण्याला मार बसून मागचे धड लुळे पडले असेल तर मात्र सेवेची खरी कसोटी लागते. दिवसातून तीन-चार वेळा हाताने पोट दाबून मूत्राशय रिकामे करावे लागते, कूस बदलावी लागते, पायांची हालचाल करून घ्यावी लागते. यात डॉक्टरांचे काम घटकाभराचे. उरलेले सगळे काम सेवकांचे, आणि ते रोजचे.

शरीर असे जुळून येते. पण ज्याला माणसाने मारले, त्याचा माणसावरचा विश्वास कोणत्या सळईने जोडायचा?

काही वर्षांपूर्वी एका नातलगाच्या दुखण्यासाठी नागपुरास राहावे लागले असता, मोकळ्या वेळात तेथील एक लहानसा निवारा पाहण्याचा योग आला. एका कोपऱ्यात तांबूस रंगाचे कुत्रे भिंतीला चिकटून बसले होते. कोणी तरी त्याच्या पाठीवर उकळते तेल ओतले होते. जखम बरीच भरली होती. परंतु शेपूट पोटाशी घट्ट, कान मागे, आणि डोळ्यांचे पांढरे दिसत होते. मी सहानुभूतीने जवळ जाऊन हात पुढे करणार, तोच तेथे काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्याच्याकडं पाहू नोका, गुर्जी. नुसते बसून राहा. त्याच्या मनात आलं त येईन तो."

मी पाठ किंचित वळवून जमिनीवर बसलो. अर्ध्या तासात ते माझ्याजवळ आले असे काही घडले नाही. त्या बाईंनी मात्र ठरल्या वेळी ताटली आणली, नेहमीच्या जागी ठेवली, चार हातांवर बसल्या आणि दुसरीकडे पाहत राहिल्या. बऱ्याच वेळाने ते उठले, ताटलीशी गेले, आणि खाता खाता त्याने एकदा त्यांच्या पदराचा वास घेतला. "दोन महिने झाले," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा त मी खोलीत असली की खातच नव्हतं." दोन महिने, रोज दोन वेळा, तीच ताटली, तीच जागा, तोच पदर. औषधाच्या वहीत या गोष्टीची नोंद नसते.

शास्त्रज्ञांनीही हे आपल्या परीने तपासले आहे. कोलकात्याच्या आयसर या संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका संशोधनात असे दिसले की, अनोळखी माणसाने पुन्हा पुन्हा येऊन मायेने हात फिरविला, तर नुसत्या खाऊपेक्षा त्या स्पर्शाने कुत्र्यांचा विश्वास अधिक बसतो. त्यात 'पुन्हा पुन्हा' हे शब्द मला महत्त्वाचे वाटतात. कुत्र्याच्या हिशेबात एकदाच्या उपकाराला फारशी किंमत नाही. उद्या त्याच वेळी हा हात येतो की नाही, आणि आला तर कसा येतो, एवढेच ते पाहते.

शिक्षकाला यात अनोळखी असे काही नाही. फळ्यावर लिहिण्यासाठी आपण हात उचलावा आणि पहिल्या बाकावरच्या मुलाने डोळे मिटून खांदे आखडून घ्यावेत, असा अनुभव ज्याने घेतला आहे, त्याला त्या भिंतीला चिकटलेल्या कुत्र्याची ओळख लगेच पटेल. अशा मुलाला जवळ बोलावून गोड बोलले की ते अधिकच आकसते. त्याला रोज हजेरीत त्याच स्वरात नाव ऐकू यावे लागते, वही त्याच पद्धतीने तपासून मिळावी लागते, आणि चूक झाली तरी हात वर जात नाही हे शंभर वेळा दिसावे लागते. मग एके दिवशी ते स्वतःहून टेबलापाशी येऊन उभे राहते. प्राणी आणि मूल यांची तुलना कोणाला खटकेल. पण भीतीचे व्याकरण दोघांचे एकच आहे.

म्हणूनच दयेला घर लागते, माणसे लागतात आणि घड्याळ लागते. आपल्या पूर्वजांनी हे ओळखले होते. मुंबईत प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था १८७४ साली निघाली, आणि १८८३ साली दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नीच्या नावाने, परळ येथे बाई साकरबाई प्राणी रुग्णालय उभे राहिले. पुढे १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालयही परळलाच सुरू झाले. दात्याची करुणा एका पिढीची असते. रुग्णालय झाले म्हणून ती सव्वाशेहून अधिक वर्षे टिकली. अलीकडच्या काळात, २००७ साली, पुण्यात नेहा पंचमिया यांनी स्थापन केलेली 'रेस्क्यू' ही संस्थाही याच वाटेने चालते आहे.

कायदाही हळूहळू जागा झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० साली प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदा झाला; परंतु त्यात पहिल्या अपराधाला ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा. भद्राच्या प्रकरणी लोक खवळले ते या पन्नास रुपयांवरूनही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमाने प्राण्याला ठार मारणे वा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली आहे.

आता हा विषय केवळ प्राणिमित्रांचा राहिलेला नाही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वे स्थानके अशा जागांतून भटकी कुत्री हलवावीत, त्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे, असा आदेश दिला. मुख्याध्यापक या नात्याने माझ्या शाळेच्या आवारात मुलांची सुरक्षितता ही पहिली गोष्ट आहे, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. रेबीज झाल्यावर जवळजवळ कोणी वाचत नाही. म्हणून चावा बसताच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि तत्काळ लस घ्यावी, हे प्रार्थनेच्या वेळी मी मुलांना पाठच करवून घेतले आहे. परंतु त्या आदेशातील 'निवारा' हा शब्द वाचून मी थबकतो. भिंती आणि जाळी बांधणे सोपे आहे. ठरल्या वेळी ताटली घेऊन येणारा, जखम उघडून पाहणारा, आणि न बघता शेजारी बसून राहणारा माणूस नसेल, तर निवारा आणि कोंडवाडा यांत फरक तो काय?

बालाघाटासारख्या गावांत परळसारखे रुग्णालय उद्याच उभे राहणार नाही. शासकीय पशुचिकित्सालय आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जबलपूर आणि नागपूर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. मधली जागा आपणच भरायची आहे. जखमी कुत्रे दिसले तर त्याचे तोंड कापडी पट्टीने सैलसर बांधून, चादरीवर उचलून, पशुवैद्याकडे न्यावे; ते धापा टाकत वा ओकत असेल तर तोंड बांधू नये. घरातली माणसांची वेदनाशामक गोळी त्याला देऊ नये, कारण तिच्यातील काही औषधे त्याच्या मूत्रपिंडांना विषासमान असतात. आणि उपचार सुरू झाल्यावर पाच घरांनी मिळून आठवड्याचे वार वाटून घ्यावेत. मंडळाच्या गणेशोत्सवात कामे वाटून घेण्याची सवय आपल्याला आहेच. तिचा उपयोग भाद्रपदाबाहेरही होऊ शकतो.

परमुलखात चार पिढ्या राहून आपण भाषा टिकविली, ती एखाद्या दिवसाच्या उत्साहावर नव्हे. रोज घरात ती बोलली गेली म्हणून टिकली. दयेचेही तसेच आहे. तिला भरते येण्याची वाट पाहू नये. तिला वेळ नेमून द्यावी, आणि ती वेळ पाळावी.