बाथरूममधली केमिस्ट्री

पीएलच्या नावाखाली दिवाळीला घरी गेलं की पहिलं स्वागत फराळानं होत नाही, खराट्यानं होतं. "आलास का? बरं झालं. बाथरूमच्या टाइल्स तेवढ्या घासून टाक." आईची ऑर्डर!

आमच्याकडे बोअरचं पाणी. नळ, बादल्या, टाइल्स, सगळ्यांवर पांढरे खरखरीत थर. आता भावी इंजिनीअर नुसता घासत बसेल का? मी शॉर्टकट काढला. आधी ब्लीचिंग पावडर भुरभुरली आणि तिच्यावर संडास धुवायचं अ‍ॅसिड ओतलं. दोन्ही जालीम, मग एकत्र किती जालीम, हा आपला हिशोब!

हिशोब बरोबर निघाला. क्षणात उग्र वास नाकात घुसला, डोळे चुरचुरले, घसा आवळला. मी कसाबसा मागच्या दारानं अंगणात पळालो. पण माझा खोकला ऐकून आई बाथरूमकडे धावली होती, मी आतच आहे असं समजून. तिला दमा आहे. तिला बाहेर ओढलं, रिक्षात घातलं आणि पुढचे दोन तास ती दवाखान्यात नाकाला मास्क लावून बसली. डॉक्टरांनी विचारलं, "तू काय करतोस?" म्हटलं, "इंजिनीअरिंगला आहे." त्यावर ते काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून टोचतं.

मित्रहो, ब्लीचिंग पावडरवर अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन सुटतो, हे मी पाठ केलं होतं. २२ एप्रिल १९१५ रोजी जर्मन सैन्यानं ईप्रच्या रणांगणावर सोडला, तोच हा वायू. हवेच्या जवळजवळ अडीचपट जड! पेपरात लिहिता आलं असतं, घरात ओळखता आलं नाही.

संध्याकाळी आजी एवढंच म्हणाली, "आमच्या वेळी चिंच होती, रिठे होते, राख होती. भांडी घासताना कुणाचा श्वास कोंडला नाही."

मग प्रायश्चित्त म्हणून प्रयोग सुरू केले. किराणा दुकानातून लिंबूसत्व आणलं, म्हणजे आपलं सायट्रिक अ‍ॅसिड. दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवून नळावर फडकं गुंडाळून ठेवलं. अर्ध्या तासात क्षार सुटले! चिंचेनं तांब्याचा बंब लखलखला, कारण चिंचेतलं टार्टरिक अ‍ॅसिड तांब्यावरचा काळा थर विरघळवतं. आजीला कारण माहीत नव्हतं, रिझल्ट माहीत होता. आपलं नेमकं उलटं!

पण सगळंच जमलं नाही, तेही सांगतो. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र केला. फसफस झकास झाली, सफाई शून्य. साहजिकच आहे, दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळपास नुसतं पाणी. सोडा आधी घासायचा, व्हिनेगर नंतर वेगळं. ओट्याच्या कडाप्प्यावर लिंबूसत्व सांडलं, तिथे कायमचा फिका डाग पडला. कडाप्पा, शहाबादी, संगमरवर हे सगळे चुनखडीच्या कुळातले, त्यांना आंबट चालत नाही. आणि लिंबूसत्व घरगुती असलं तरी अ‍ॅसिडच. ब्लीचिंग पावडरीजवळ तेही न्यायचं नाही! रिठ्याच्या पाण्यानं आईची रेशमी साडी छान निघाली, पण तेलकट कढईनं त्याला दाद दिली नाही. शिवाय फेस कमी, म्हणून आईचा विश्वासही कमी.

फेसावरून आठवलं. आळंदीला इंद्रायणीवर तरंगणाऱ्या फेसाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. तो काही एकट्या आपल्या मोरीतला नाही. कारखान्यांचं आणि शहरांचं शुद्ध न केलेलं सांडपाणी त्यात आहे. पण आपल्या मोरीतलं पाणीही शेवटी नदीचाच रस्ता धरतं, एवढं खरं.

आता आमच्या घरात अ‍ॅसिडची बाटली नाही. भांड्यांना साबण आहे, पण मोजून. परवा आईचा होस्टेलवर फोन आला. मला वाटलं, अभ्यासाची चौकशी असेल. "अरे, येताना पाव किलो लिंबूसत्व आण. आणि हे बघ, कशात काय मिसळायचं ते मला विचारल्याशिवाय ठरवू नकोस."

चार वर्षांत मिळालेली सर्वांत उपयोगी सेफ्टी इन्स्ट्रक्शन हीच!