सुरूची फांदी

नाताळ आला की शुभेच्छापत्रांवर बर्फात बुडालेली जंगले दिसू लागतात. आमच्या पालघरात बर्फ कुठला! आमचे नाताळचे झाड म्हणजे सुरूची फांदी. दर डिसेंबरात आम्ही घरची मंडळी बोईसरहून गाडीने केळवे रोडला उतरतो आणि रिक्षाने समुद्रकिनारा गाठतो. सुरू मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा. त्याची सुईसारखी पाने म्हणजे खरे तर बारीक हिरव्या डहाळ्या. तो पाइनच्या कुळातला नव्हे, पण नाताळापुरते सोंग छान वठवतो.

बाबांच्या पिशवीत कोयता असतो. मात्र उभ्या झाडाला तो लावायचा नाही, हा त्यांचा नियम. "अरे, ही झाडं वारा अडवतात, वाळू धरून ठेवतात. पडलेली फांदी शोधा." लहानपणी त्या शोधात सारी दुपार सरे.

गेल्या वर्षी शोधावेच लागले नाही. लाटांनी वाळू ओढून नेली होती. मुळे उघडी पडून कितीतरी झाडे आडवी झाली होती. धाकटी बहीण ओरडली, "बाबा, केवढी झाडं!" बाबांनी मुकाट्याने एक फांदी तोडून घेतली.

घरी गोठ्याशेजारी ती उभी केली, वर चांदणी लावली. पण मन काही रमेना. यंदा फांदी शोधावी लागो, एवढेच देवाकडे मागणे.