आधी ऑइल बघायला शीक

कोल्हापूर,
३ मार्च

चि. मधुरास,


जुनी वॅगनआर घेतलीस म्हणून तुझे बाबा कुरकुरताहेत, ते मनावर घेऊ नकोस. तीन सिलिंडरचं, एक लिटरचं साधं पेट्रोल इंजिन आहे, शिकायला उत्तम. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतःच इंजिन ऑइल बदलू का, असं विचारलंयस. जरूर बदल. पण ते वर्षातून एकदाचं काम. त्याआधी दर आठवड्याचं काम शीक, ते म्हणजे ऑइल बघणं. बदलणारे पुष्कळ भेटतात, बघणारे फार थोडे.

सकाळी गाडी सुरू करण्याआधी बघ. रात्रभरात सगळं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. जागा सपाट हवी. उतारावर उभ्या गाडीची पातळी खोटी दिसते. डिपस्टिक काढ, स्वच्छ कापडाने पूस, पुन्हा पूर्ण आत घाल आणि मग बाहेर काढून वाच. टोक खाली ठेवूनच वाच. पॉलिटेक्निकमधल्या माझ्या विद्यार्थ्यांना व्हिस्कॉसिटीची व्याख्या तोंडपाठ असायची, पण डिपस्टिक आभाळाकडे धरून वाचायचे आणि ऑइल ओघळून वरच्या खुणेपर्यंत गेलं की 'मॅडम, फुल आहे' म्हणायचे. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ पातळी असली की झालं. वरच्या खुणेच्या पुढे मात्र जाऊ नये. जास्तीच्या ऑइलमध्ये क्रँकशाफ्ट आपटत राहतो, फेस होतो, आणि फेसाळलेल्या ऑइलला नीट दाब धरता येत नाही.

रंगाला घाबरू नकोस. तळणीच्या तेलाचा नियम इथे लागू नाही. इंजिनातली काजळी आणि चिकटा धुऊन स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यामुळे ते काळपट होणारच. डिझेल गाडीत तर नवं ऑइल थोड्याच दिवसांत काळं दिसतं. भीती वेगळ्या खुणांची बाळग. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं, तर कूलंट मिसळत असेल. गाडी चालवू नकोस. पेट्रोलचा उग्र वास आला, तर न जळलेलं पेट्रोल खाली उतरतंय. बोटावर चोळल्यावर धातूची चकाकी दिसली, तर आत काहीतरी झिजतंय. आणि पातळी दर आठवड्याला उतरत असेल, तर एक तर गळती आहे, नाहीतर इंजिन ऑइल जाळतंय. पार्किंगच्या जागी रात्री पुठ्ठा पसरून ठेव, गळती असली तर सकाळी डाग दिसेल. सायलेन्सरमधून निळसर धूर आला, तर दुसरं कारण.

डॅशबोर्डवर लाल दिवा आहे की, असं म्हणशील. तो दिवा बहुतेक गाड्यांत ऑइलची पातळी नव्हे, दाब सांगतो. तो चालत्या गाडीत लागेपर्यंत बेअरिंगं कोरडी पडू लागलेली असतात. लागलाच तर जागच्या जागी इंजिन बंद करायचं, पुढच्या चौकापर्यंतसुद्धा जायचं नाही.

आता तुझ्या नागपूरचं ऊन. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून जाड ऑइल घाल, असा सल्ला तुला हमखास मिळेल. ऐकू नकोस. डब्यावरच्या ५डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंड इंजिनातला पातळपणा सांगतो, दुसरा १०० अंश सेल्सिअसच्या आसपासचा. बाहेर हिवाळा असो की उन्हाळा, थर्मोस्टॅट इंजिनाचं तापमान साधारण एकाच पट्ट्यात ठेवतो. शिवाय झीज जास्त होते ती सकाळी इंजिन सुरू होताना, ऑइल वरपर्यंत पोचायच्या आधी. तिथे पातळ ऑइल लवकर पोचतं. आजच्या इंजिनांतल्या फटी आणि ऑइल पंप त्याच हिशेबाने बनवलेले असतात. गाडीच्या पुस्तिकेत जो ग्रेड आहे तोच घे.

घर ते बँक तुझं अंतर जेमतेम चार किलोमीटर. गाडीला हेच जास्त जड. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं. ज्वलनातून आलेली वाफ आणि थोडं पेट्रोल ऑइलमध्येच राहतं. फिलर कॅपच्या आत मलईसारखा पिवळसर थर दिसला आणि डिपस्टिक स्वच्छ असली, तर बहुधा कारण एवढंच असतं. आठवड्यातून एकदा गाडी लांब घेऊन जा. पुस्तिकेत १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असतं. तुझे किलोमीटर कधीच भरणार नाहीत, म्हणून वर्षाकडे बघ. या वेळी तर कशाचीच वाट बघू नकोस: मागच्या मालकाचं 'आत्ताच बदललंय' हे वाक्य धरून चालू नये.

बदलताना इंजिन थोडं चालवून घे, ऑइल कोमट होऊन सहज उतरेल. तापलेलं असेल तर हात भाजेल. फिलर कॅप उघड, खाली घमेलं ठेव, ड्रेन बोल्ट रिंग पान्याने सैल कर आणि शेवटचे आटे हाताने सोडव. बोल्टचं वायसर दर वेळी नवं. फिल्टर काढल्यावर जुनी रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघ. दोन रिंगा एकावर एक बसल्या, तर सुरू करताच सगळं ऑइल जमिनीवर येतं. नव्या फिल्टरच्या रिंगला ऑइलचं बोट लाव आणि तो हाताने बसव. रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा, नेमका आकडा फिल्टरवर छापलेला असतो. पान्याने आवळू नकोस. बोल्टही जोर लावून आवळला की चेंबरचे आटे जातात, मग साधं काम हजारांत जातं. फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास ऑइल लागेल. थोडं कमीच ओत, इंजिन मिनिटभर चालव, लाल दिवा विझतो का आणि खाली थेंब पडतो का ते बघ, बंद करून थांब, आणि डिपस्टिक बघून उरलेलं घाल.

एक गोष्ट हुकमाने सांगते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली शिरायचं नाही. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. जॅक स्टँड नसतील, मागच्या चाकांना दगड नसतील, तर काम नाही.

आणि जुनं ऑइल? आपल्या गावी वाळवी लागू नये म्हणून घराच्या वाशांना जळकं ऑइल फासायचे. बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना अजूनही लावतात. त्यात झिजलेल्या धातूचे कण आणि कर्करोगाला कारण होणारी संयुगं असतात, म्हणून हातमोजे घाल. गटारात ओतलंस तर ते नाग नदीत जाईल. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं, आणि ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवं. शुद्ध करून त्याचं पुन्हा ऑइल होतं. रिकाम्या डब्यात भर आणि ज्या गॅरेजकडून असा माणूस उचलतो तिथे नेऊन दे. असं गॅरेज आधी शोध, पाना नंतर हातात घे. ऑइलचा रिकामा डबा भंगारात देताना कापून दे, नाहीतर त्यात बनावट माल भरला जातो.

पैसे किती वाचतील? मजुरी तेवढी. ऑइल आणि फिल्टर तर तुलाच विकत घ्यायचे आहेत. तरी एकदा कर, कारण पुढे गॅरेजच्या कट्ट्यावर उभी असताना काय चाललंय ते तुला कळेल. वायसर नवं टाकलं का, डबा समोर फोडला का, ऑइल कुठल्या ग्रेडचं, हे विचारता येईल, आणि विचारणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम जरा नीटच होतं. पुढच्या वर्षी गॅरेजमध्ये दिलीस तरी मी नाव ठेवणार नाही. रविवारची डिपस्टिक मात्र गॅरेजवर सोपवू नकोस. तारीख, किलोमीटर आणि पातळी एका वहीत लिहीत जा. चार महिन्यांनी पानांचे फोटो काढून पाठव, मी तपासून देईन.

बाबांना सांग, गाडी चांगली आहे. वहिनीला नमस्कार.

तुझी,
सुमनआत्या