कागद इथे, वाचणारे तिथे

दप्तराचा रुमाल सोडला की आधी वास येतो. जुन्या हातकागदाचा, शाईचा आणि वर्षानुवर्षे कापडात कोंडून राहिलेल्या हवेचा. मग घड्या उलगडतात आणि मोडीच्या ओळी दिसू लागतात. आधी आखून घेतलेली रेघ, आणि तिच्याखाली बोरू न उचलता झरझर ओढलेली अक्षरे. शब्दाशब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही. नजर ओळीवरून दोनचारदा फिरते आणि एकाएकी एक नाव लागते. पाठोपाठ गाव, मग रक्कम. दीडदोनशे वर्षांपूर्वी कुणी केलेला अर्ज आपल्याशी बोलू लागतो. बडोद्यात राहणाऱ्या मला हे सुख गावातल्या गावात मिळाले. ते थोड्यांच्याच वाट्याला येते, ही रुखरुख मात्र जात नाही.

1 मे 1949 रोजी गायकवाडांचे राज्य मुंबई राज्यात विलीन झाले, 1960 मध्ये बडोदे गुजरातेत आले आणि राज्याचे दप्तर गुजरातच्या पुरालेख खात्याकडे राहिले. ते योग्यच झाले. कागद जिथे लिहिला गेला, तिथल्या मातीत त्याचे संदर्भ असतात. त्या दप्तरात गुजराती आहे, इंग्रजी आहे. मोडीतला भाग वाचू शकणारी माणसे मात्र आता बहुतेक महाराष्ट्रात आहेत. दांडिया बाजारातल्या घरांतून मोडी सहज वाचणारी पिढी सरत आली. नांदेडच्या एखाद्या विद्यार्थिनीला इथला एक कागद पाहायचा तर रजा, प्रवास, मुक्काम, परवानगीचा अर्ज, एवढे सगळे आले. हवा तो रुमाल हाती येईतो परतीची गाडी जवळ आलेली असते. इतिहासातले कितीतरी प्रश्न केवळ गाडीभाड्यापायी विचारायचे राहून गेले असतील!

म्हणून या कागदांच्या डिजिटल प्रती व्हाव्यात, असे मला मनापासून वाटते. राष्ट्रीय अभिलेखागाराने 2015 मध्ये ‘अभिलेख पटल’ सुरू केले, तेव्हापासून दिल्लीतले पुष्कळ कागद घरबसल्या शोधता येतात. आमच्या प्राच्यविद्या मंदिराची 1916 मध्ये सुरू झालेली गायकवाड प्राच्य ग्रंथमाला मिळवायला पूर्वी मोठी ग्रंथालये धुंडाळावी लागत. आज तिचे अनेक जुने खंड कुणीही मोबाइलवर उघडू शकतो. बडोद्याला ही कल्पना नवी नाही. 1910 मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले. वाचकाला शहरात येता येत नाही, तर पुस्तकांनी त्याच्या गावी जावे, या विचाराने फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या खेड्यांतून हिंडू लागल्या. दप्तराची डिजिटल प्रत मला त्याच पेटीची नात वाटते.

आणखी एक गोष्ट फार मोलाची. आजवर सामान्य अभ्यासकाला दप्तर दिसले ते संपादकाच्या निवडीतून. बडोद्याच्या नोकरीत हयात घालवलेल्या रियासतकार सरदेसायांनी निवृत्तीनंतर पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे 45 खंड सिद्ध केले. बडोदे दप्तरातले निवडक कागदही 1934 पासून छापले जाऊ लागले. त्या श्रमांपुढे मी नतमस्तक आहे. पण त्या पिढीची नजर मोहिमा, तह आणि कारस्थाने शोधत होती. विहिरीचा खर्च, वतनाचा तंटा, पोटगी मागणारी विधवा, हे बहुधा रुमालातच राहिले. सबंध रुमालाची प्रत समोर आली, तर ज्याला जे शोधायचे ते शोधता येईल.

प्रत मात्र जाणत्या हाताने व्हायला हवी. लांब मजकुरासाठी कागदाचे बंद एकाला एक चिकटवत आणि त्या जोडावर मागच्या बाजूने शिक्का उठवत, मधला बंद कुणी बदलू नये म्हणून. घाईत फक्त पुढची बाजू टिपली, तर अस्सलपणाची ही खूणच नाहीशी होते. रुमालातला क्रम मोडला, तर हिशेबाशेजारी ठेवलेली तक्रार पोरकी होते. आणि सूची नसेल, तर हजारो चित्रांच्या ढिगात अभ्यासक तितकाच बाहेर राहतो, जितका तो पूर्वी कचेरीच्या दाराबाहेर होता. मोडीला 2014 मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. तरी धावत्या हाताचे, कसर लागलेले अक्षर लावायला सरावलेला डोळाच लागतो.

बॉर्डन यांनी बडोद्यात पुस्तकांसोबत ग्रंथपालही तयार केले होते. तसेच आता दोन राज्यांनी मिळून करावे. गुजरातने प्रती खुल्या कराव्यात, महाराष्ट्राने मोडी जाणणारी तरुण मुले सूचीच्या कामाला द्यावीत. सूची मराठीत आणि गुजरातीत व्हावी, कारण हा इतिहास दोघांचा आहे. त्या मुलांना वेळेवर पगार मिळावा आणि प्रत्येक नोंदीखाली त्यांचे नाव असावे. एवढे झाले, तर नांदेडची ती विद्यार्थिनी आपला प्रश्न पैशाच्या हिशेबाने लहान करणार नाही.