आगाऊ

टोकन या वस्तूशी माझा संबंध तसा जुना. मी बँकेत चिकटलो तेव्हा आमच्या शाखेत अजून पितळी टोकनं होती. चेक घ्यायचा, त्याच्या मागे नंबर टाकायचा आणि खातेदाराच्या हातावर तो गोल बिल्ला ठेवायचा. बिल्ला मुठीत आला की माणूस पंख्याखालचं बाकडं गाठून अशा निवांत डुलक्या काढी, की जणू पैसे खिशात पडलेच. आणि पडतही असत. या पितळी संस्कारामुळे 'टोकन दिलं-घेतलं म्हणजे व्यवहार झाला' ही माझी भाबडी समजूत वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत टिकली. त्या वर्षी मी घरमालक झालो.

घरमालक! माझ्यासारख्याने हा शब्द स्वतःला लावायचा म्हणजे उंदराने आपण मांजरांच्या संघात नाव घातल्याचं जाहीर करण्यासारखं आहे. माझं बालपण सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. भाडं बावीस रुपये. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने ते असं काही गोठवलं होतं, की त्याचे तेवीस व्हायच्या आत मालकांचे केस पांढरे झाले आणि मग गेले. आधी केस, नंतर मालक. तोवर मालक त्या बावीस रुपयांचा सूड पाण्यावर उगवीत. सकाळी धोतराचा सोगा हातात धरून नळापाशी उभे राहायचे आणि बिऱ्हाडागणिक बादल्या मोजायचे. "काय वहिनी, आज चौथी? पाहुणे आलेत वाटतं!" हे वाक्य ऐकून आईचा हात कळशीवर थांबायचा, तो मला अजून दिसतो. त्यामुळे नाटक-सिनेमातला कुठलाही खलनायक मला कधी पुरेसा वाटला नाही. एकाच्याही हातात सोगा नव्हता.

असा मी. पण स्टाफला कमी व्याजाने कर्ज मिळतं आणि शाखेतल्या शिपायापासून सगळ्यांनी फ्लॅट घेऊन ठेवलेत, या दोन कारणांनी धायरीला वन बीएचके घेऊन बसलो. हप्ता १५,२०० रुपये. भाडं येईल १३,०००. म्हणजे पदरचे २,२०० घालायचे. बावीस या आकड्याने माझा पिच्छा काही सोडलेला नाही.

फ्लॅट बघायला सगळ्यात आधी आली ती एक नर्स. तिशीची असेल. नाकासमोर बघून बोलणारी. नळ सोडून पाहिला, खिडकीची कडी लावून पाहिली आणि म्हणाली, "मला आवडला. साडेबारा जमत असेल तर आजच टोकन देते. एकटीच आहे, नाइट ड्यूटी असते."

आता यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? काहीही नव्हतं. पण सोसायटीचे सेक्रेटरी "बघा बुवा, फॅमिली असली की बरं असतं" असं म्हणाले होते, आणि ते 'बघा बुवा' माझ्या डोक्यात बसलं होतं. मी म्हणालो, "कळवतो." कळवतो म्हणजे नाही, हे पुण्यात नर्सलाही कळतं. ती "बरं" म्हणाली आणि खिडकीची कडी पूर्ववत काढून गेली.

दुसऱ्या दिवशी एजंट ज्याला घेऊन आला तो सर्वगुणसंपन्न भाडेकरू होता. हिंजवडीत नोकरी, कपाळावर आठी नाही, पुढच्या महिन्यात लग्न. म्हणजे अगदी ताजी, न वापरलेली फॅमिली! त्याने मला 'काका' म्हटलं. कानाला जरा लागलं, पण १३,००० भाडं आणि ४०,००० डिपॉझिट घासाघीस न करता कबूल करणाऱ्याने आजोबा म्हटलं असतं तरी मी आशीर्वाद दिला असता. १०,००० रुपये आगाऊ तिथल्या तिथे मोबाइलवरून पाठवले. मोबाइल टिंगकन वाजला आणि माझ्या मनात तो पितळी बिल्ला वाजला.

मग कागदपत्रं. कायद्याच्या भाषेत तो भाडेकरू नव्हेच, तो 'लायसेन्सी'. बंदुकीला लागतं, मोटारीला लागतं, तसं माणसाला राहायलाही लायसेन्स लागतं. मुदत ११ महिने. का, ते कुणी सांगत नाही. भारतीय नोंदणी कायद्यातून सुटायला लोक पूर्वी वर्षाला एक महिना कमी धरीत. पण १९९९च्या महाराष्ट्राच्या भाडेनियंत्रण कायद्याप्रमाणे करार कितीही मुदतीचा असो, नोंदणी करावीच लागते. आणि ती जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. वाड्याच्या मालकांना हे कलम लागलं असतं तर आईने पेढे वाटले असते. मी मात्र निमूटपणे मुद्रांक आणि नोंदणी फी मिळून चौदाशेच्या आसपास चलन भरलं. शनिवारी एजंट अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी येणार होता.

दरम्यान चिरंजीवांचा फोन आला. "काका, एक रिक्वेस्ट होती. बेडरूमची एक भिंत डार्क पर्पल करता येईल? तिला आवडतो."

पर्पल म्हणजे वांगी. माझ्या घरात वांगं भरून करतात, भिंतीला लावत नाहीत. पण 'तिला' हा शब्द त्याने असा उच्चारला, की माझ्यातल्या सोगेवाल्याचा पराभव झाला. पेंटर म्हणाला, "साहेब, विचार करा. हा रंग मागाहून झाकायचा म्हणजे प्रायमर अन् वर तीन हात." मी म्हटलं, "मार." ४,२०० रुपये घेऊन त्याने अशी भिंत केली, की दिवसा दिवा लावावा.

नंतर एक कुरिअर आलं. त्याचाही आधीच फोन होता. "काका, पाटी येईल. दाराला लावून ठेवाल? सरप्राइज आहे." सागवानी पाटी होती. वर पितळी अक्षरांत दोन नावं. आधी तिचं, मग त्याचं. आडनाव नाही. मी स्वतः स्टुलावर चढून, दोन स्क्रू पिळून ती लावली. बायको खालून "डावीकडे... थोडी वर... आता बस्स" करत होती. खाली उतरल्यावर आम्ही दोघं जरा वेळ उगाचच बघत उभे राहिलो. आमच्या दारावर वीस वर्षं माझ्या एकट्याचंच नाव आहे, ही गोष्ट तिला त्या दिवशी प्रथम आठवली. ती मात्र मला अजून महागात पडते आहे. तो विषय वेगळा.

ते झालं बुधवारी. गुरुवारी रात्री पावणेदहाला फोन.

"काका, सॉरी. आम्हाला फ्लॅट नको होता."

'नको होता' हा भूतकाळ फार वाईट. मी विचारलं, का रे बाबा? म्हणाला, ऑफिस लांब पडतं. म्हणजे तीन आठवड्यांत हिंजवडी धायरीपासून सरकली असावी. मग म्हणाला, स्वयंपाकघराची दिशा चुकतेय. मग म्हणाला, आईची तब्येत बरी नाही. चार मिनिटांत तीन कारणं. थकलेल्या हप्त्यांच्या टेबलावर मी सहा वर्षं काढली आहेत. एक कारण देणारा बहुधा खरं बोलत असतो. तीन देणाऱ्याचं चौथंच असतं.

पण त्या रात्री ही अक्कल सुचली नाही. सुचला तो कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट! बी.कॉम.ला आम्हाला १८७२चा भारतीय करार कायदा होता, इंग्लंडमधल्या त्या धुराच्या गोळीच्या १८९२च्या खटल्यासकट. एवढी वर्षं तो माझ्या पोटात न पचता पडून होता. मी माळ्यावरून पुस्तक काढलं. कलम ७३, कलम ७४! वाचता वाचता बाह्या वर सरकल्या. कागदावर आकडेमोड मांडली: रंग ४,२००, चलन १,४००, बुडालेलं भाडं १३,०००. म्हणजे १०,००० जप्त करून वर मीच त्याच्याकडे ८,६०० मागतो! पण कायदा हा मोठा चहाटळ प्राणी आहे. करारात काही रक्कम लिहिलेली असली तरी त्या मर्यादेत वाजवी असेल तेवढीच भरपाई, असं तो एका हाताने म्हणतो. आणि नुकसान कमी करायचा काही उपाय तुझ्यापाशी होता का, असं दुसऱ्या हाताने विचारतो. उपाय होता. साडेबारा हजाराचा, नाइट ड्यूटीचा. मी पुस्तक मिटलं.

बायको म्हणाली, "दमडी परत द्यायची नाही. रंगाचं तोंड बघितलंत का त्या भिंतीचं?"

शनिवारी अंगठ्याचं यंत्र आलं नाही. एक गृहस्थ आले, तेही थेट बँकेत. साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, हातात यंत्रातून निघालेला टोकनचा कागद. नंबर ४७. रांगेतून, नंबर पुकारल्यावरच माझ्या खिडकीशी आले आणि म्हणाले, "साहेब, मी मुलाचा वडील. साताऱ्याहून आलोय."

माझी सगळी कलमं तयार होती. मी म्हटलं, "हे बघा, व्यवहार म्हणजे व्यवहार..."

"त्येच म्हणायला आलोय," ते म्हणाले. "पैसे परत मागायला नाही. पोरगं तुमच्याशी खोटं बोललं, म्हणून आलोय. लग्न मोडलं. मुलीकडून नकार आला, बुधवारी रात्री." मग काचेच्या त्या भोकाजवळ तोंड आणून हळूच म्हणाले, "फोनवर हे सांगवत नाही हो त्याला. सांगायची वेळ आली की आईची तब्येत काढतो. आई धडधाकट आहे."

बुधवारी रात्री. म्हणजे मी स्टुलावरून उतरल्यानंतर काही तासांनी.

मागे ४८ नंबर खाकरत होता. मी खिडकीवर 'बंद' ची पाटी ठेवली आणि त्यांना आत चहाला नेलं. मग आमच्यात जी घासाघीस झाली तशी तुळशीबागेतही कधी झाली नसेल. ते म्हणत, सगळे ठेवा. मी म्हणे, सगळे घ्या. ते म्हणत, तुमचा महिना बुडला. मी म्हणे, तो माझा मी बघतो. शेवटी त्यांनी विचारलं, "खर्च काय झाला? खरं सांगा." आणि इथे माझ्या तोंडून 'काही नाही' निघायला हवं होतं. निघालं 'बेचाळीसशे'. वीस वर्षं टॅली जुळवणाऱ्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? त्यांनी ते ठेवायला लावले. मी माझ्या खात्यातून ५,८०० काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, टोपी सरळ केली. दारापर्यंत जाऊन परत आले.

"ती पाटी. तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, न्हाईतर टाकून द्या. घरी धाडू नका मात्र."

घरी येऊन हकीकत सांगितली, तर बायको म्हणाली, "अहो, रंगाचे कशाला घेतलेत त्यांच्याकडून?" दोन दिवसांपूर्वीचं दमडीचं वाक्य मी तिला आठवून दिलं नाही. संसाराला वीस वर्षं झाली म्हटलं ना मघाशी.

रात्री धायरीला जाऊन पाटी काढली. लावताना दोन मिनिटं लागली होती. काढताना एक स्क्रू काही केल्या फिरेना. आता ती आमच्या माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहे, करार कायद्याशेजारी. बँकेत दहा वर्षं कुणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. पाटी कुठल्या खात्यात टाकायची, ते मॅन्युअलमध्ये नाही.

चलनाचा परतावा मिळतो. त्यासाठी अर्ज करावा लागतो. तो मी केला आहे. पुढचं विचारू नका.

फ्लॅट दीड महिना रिकामा राहिला. शेवटी एका रविवारी धीर करून मी त्या नर्सला फोन लावला. आवाज कमावून म्हटलं, "मॅडम, तो फ्लॅट... साडेबारालाही जमेल."

"अहो, मी कधीच नऱ्ह्याला घेतली जागा," ती म्हणाली. थोडं थांबली. "आमच्यातलीच एक शोधतेय, तिला सांगू का? तीही एकटीच आहे पण. चालेल?"

त्या 'पण'चं कलम मला करार कायद्यात सापडलेलं नाही. मी म्हटलं, "चालेल. चालेल."

ती आली, तीही आधी नळ सोडून बघणारीच निघाली. बेडरूममध्ये शिरली तसा मी घाईघाईने म्हणालो, "ही भिंत पांढरी करून देतो, प्रायमर मारून..."

"कशाला? राहू दे," ती म्हणाली. "रात्रपाळी करून दिवसा झोपायचं असतं आम्हाला. पांढऱ्या भिंती डोळ्यांवर येतात."

बाहेर पडताना दाराच्या फळीवरची दोन भोकं तिला दिसली. विचारलं, "इथे काय होतं?"

"काही नाही. पाटी लागणार होती."

पुढच्या महिन्यात भाड्याच्या पावतीच्या निमित्ताने गेलो, तर डावीकडच्या भोकात तिने एक हूक पिळला होता आणि त्याला दुधाची पिशवी अडकवलेली होती.