मृगापूर्वी

‘फ्लूची लस घ्यावी की न घ्यावी’ या विषयावर चार पाने लिहून द्यावीत आणि शक्यतो तांत्रिक तपशिलात न शिरता निःसंदिग्ध उत्तर द्यावे, अशी संपादकांची मागणी आली, त्या वेळी गेल्या श्रावणातला एक रुग्ण माझ्या मनातून अद्याप गेलेला नव्हता. सत्तरी ओलांडलेले, महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून नोकरी केलेले हे गृहस्थ जुन्या श्वसनविकारासाठी वर्षानुवर्षे माझ्याकडे येत आहेत. त्यांचा मुलगा अमेरिकेत असतो. तिकडील शिरस्त्याप्रमाणे ऑक्टोबरात लस टोचून घ्या असे त्याने फोनवरून बजावले आणि वडिलांनी घराजवळच्या दवाखान्यात जाऊन ती घेतलीही. पुढल्या ऑगस्टात एच३एन२ जातीच्या विषाणूने त्यांना गाठले, आणि आठवडाभर प्राणवायूच्या आधारावर काढून ते कसेबसे घरी परतले. त्यांच्या मुलीने मला विचारले, “डॉक्टर, आमच्या नानांनी लस घेतली होती ना? मग तिचा उपयोग काय झाला?” प्रश्न रास्त होता, परंतु रुग्णालयाच्या जिन्यात उभ्या उभ्या त्याचे पुरते उत्तर देता येण्याजोगे नव्हते. येथे ते देताना तपशील टाळण्याची संपादकांची अट माझ्या हातून पाळली जाणार नाही, कारण या बाबतीत निर्णय तपशिलावरच ठरतो.

प्रथम एक तक्रार नोंदवतो. आपल्याकडे नाक वाहू लागले, घसा खवखवला की माणूस ‘फ्लू झाला’ म्हणून मोकळा होतो. वस्तुतः सर्दी-पडसे उत्पन्न करणारे विषाणू शेकड्यांनी आहेत आणि इन्फ्लुएंझाची लस त्यांपैकी फक्त इन्फ्लुएंझावर चालते. लस घेतल्यावर पंधरवड्यात कोणाला सर्दी झाली तर दोष लसीच्या माथी मारला जातो, आणि लसीनेच फ्लू होतो हा समज सोसायटीच्या बैठकीपासून लग्नमंडपापर्यंत पसरतो. आपल्याकडे सर्रास टोचली जाणारी लस निष्क्रिय केलेल्या विषाणूच्या तुकड्यांची असते. तिच्यातून रोग होणे शक्य नाही. एक-दोन दिवस दंड दुखतो, क्वचित अंगात कसर येते, आणि ते ओसरते. हे मी इतक्या वेळा सांगितले आहे की सांगताना थकवा येतो, तरीही सांगणे सोडता येत नाही. कारण ज्याला या लसीची सर्वाधिक गरज आहे तो दमेकरी, मधुमेही, हृदयरोगीच या समजापायी मागे सरतो.

आता विषाणूकडे वळू. इन्फ्लुएंझाच्या विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरामिनिडेज अशी दोन प्रथिने असतात. पहिल्याच्या साहाय्याने तो श्वासमार्गाच्या पेशीला चिकटून आत शिरतो, दुसऱ्याच्या साहाय्याने त्याची नवी प्रजा पेशीबाहेर सुटते. आपल्या शरीराची प्रतिकारशक्ती मुख्यतः पहिल्या प्रथिनाला ओळखून अडवते, आणि नेमके तेच प्रथिन वर्षागणिक थोडे थोडे बदलत जाते. म्हणून गोवराच्या लसीप्रमाणे ही लस बालपणी टोचून कायमचे भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ साली या विषाणूवर पहारा ठेवणारे जाळे उभारले. जगभरची केंद्रे रुग्णांच्या घशातील नमुने तपासतात, आणि त्यांच्या आधारे वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी व सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, पुढील हंगामाच्या लसीत कोणते विषाणू असावेत याचा निर्णय जाहीर होतो. त्याच १९५२ साली पुण्यात स्थापन झालेली, आज राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था या जाळ्यातील आपले केंद्र आहे, आणि या गावात वैद्यकी करणाऱ्या मला तिचा अभिमान आहे. या पहाऱ्याची सूक्ष्मता किती, याचे एकच उदाहरण देतो. ‘बी’ गटातील यामागाता नावाचा वंश मार्च २०२० नंतर कोठेही खात्रीने आढळला नाही, हे ध्यानी घेऊन २०२३ साली त्याला लसीतून वगळण्याची शिफारस झाली. चार घटकांची लस पुन्हा तीन घटकांची होऊ लागली.

परंतु निर्णय आणि टोचणी यांच्यामध्ये सुमारे सहा महिने जातात, कारण बहुतांश लस अजूनही कोंबडीच्या फलित अंड्यांत विषाणू वाढवून तयार केली जाते. या मुदतीत विषाणू स्वस्थ बसत नाही. शिवाय अंड्यात वाढताना तो अंड्याशी जुळवून घेतो, आणि त्यातही एच३एन२ विशेष त्रासदायक आहे: त्याच्या हिमॅग्लुटिनिनवर शर्करेच्या साखळ्या जडलेल्या असतात, त्यांपैकी एखादी अंड्यात वाढताना गळून पडली की लसीतला विषाणू आणि गावात फिरणारा विषाणू यांच्या चेहऱ्यात अंतर पडते. मेळ चांगला बसला त्या वर्षी ही लस डॉक्टरकडे जाण्याइतपत फ्लू होण्याची शक्यता साधारण चाळीस ते साठ टक्क्यांनी घटवते. २०१४-१५ च्या हंगामात एच३एन२ने रूप पालटले तेव्हा अमेरिकेत हे प्रमाण एकोणीस टक्क्यांच्या आसपास उतरले होते. हे आकडे मी लपवत नाही. लपवणारे डॉक्टर लसीचे अहितच करतात, कारण शंभर टक्क्यांच्या अपेक्षेने आलेला माणूस पहिल्याच तापाला श्रद्धा गमावतो. लस घेऊनही ज्यांना फ्लू होतो, त्यांच्यात अतिदक्षता विभागापर्यंत जाण्याचे प्रमाण कमी राहते, ही गोष्ट मात्र सर्दी आणि फ्लू यांची गल्लत करणाऱ्या चर्चेत कधी पुढे येत नाही.

आता ज्या मुद्द्यावरून सहव्यावसायिकांशी माझा वाद वारंवार होतो, त्याकडे येतो. लस कधी घ्यावी? आपली वैद्यकीय पुस्तके लंडन-न्यूयॉर्कच्या थंडीत लिहिली गेली, आणि तेथे फ्लू हिवाळ्यात येतो म्हणून शरदात लस घेणे हा तेथील योग्य क्रम आहे. भारत विषुववृत्ताच्या उत्तरेस आहे, सबब आपणही उत्तर गोलार्धाचेच वेळापत्रक पाळावे, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विषाणू नकाशा पाहत नाही. राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांनी इतर केंद्रांच्या सहकार्याने देशातील दहा शहरांचे नमुने तपासून २०१५ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात श्रीनगरची लाट जानेवारी ते मार्चमध्ये आढळली, चेन्नई-वेल्लोरकडे ती परतीच्या पावसाबरोबर येते असे दिसले, आणि पुण्यासारख्या ठिकाणी ती नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत उसळते असे स्पष्ट झाले. महाराष्ट्रात जुलै-ऑगस्ट-सप्टेंबर हा फ्लूचा खरा अंमल. त्याखेरीज जानेवारी ते मार्चच्या सुमारास एक लहानशी लाट बहुधा येते. २००९ साली ऑगस्टात पुण्यातील नायडू रुग्णालयासमोर तोंडाला रुमाल बांधून उभ्या राहिलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्यांना हे महिने वेगळे सांगायला नकोत. अर्थात ती महासाथ होती आणि महासाथी ऋतूंचे नियम पाळत नाहीत, म्हणून तिला मी या वादात पुरावा धरत नाही. पुरावा आहे तो त्यानंतरच्या साध्या वर्षांचा.

या लसीचे संरक्षण टोचल्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी उभे राहते आणि काही महिन्यांत उतरणीला लागते. वयोवृद्धांत ती उतरण अधिक लवकर होते. ऑक्टोबरात घेतलेली लस पुढल्या ऑगस्टापर्यंत पुरेशी ताकद राखून असेल, अशी अपेक्षा करणे गैर आहे. नानांच्या मुलीला मी हेच समजावून सांगितले. लस वाईट नव्हती, नानांचीही काही चूक नव्हती. त्यांनी पुण्याच्या पावसासाठी बोस्टनच्या हिवाळ्याची तारीख पाळली. दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरात ठरलेल्या घटकांची लस आपल्याकडे पावसाळ्याआधी उपलब्ध होते, आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये, ती घेणे हे महाराष्ट्रातील माणसाचे वेळापत्रक असावे, असे माझे ठाम मत आहे. कुपीवर उत्तर गोलार्ध लिहिले आहे की दक्षिण, यावरून घोळ घालणाऱ्यांना इतकेच सांगतो की पुष्कळ वर्षी दोहोंचे घटक बव्हंशी सारखेच असतात. नवीनतम मिळेल ती घ्यावी, पण मोसम पाहून घ्यावी. दुकानांत, दवाखान्यांत आणि खुद्द डॉक्टरांच्या मनात ही साधी गोष्ट अद्याप रुजलेली नाही, याची मला खंत वाटते.

कोणी घ्यावी याबद्दल माझ्या मनात बराच भाग स्वच्छ आहे. पासष्टीपुढील माणसे, जुना दमा व श्वसनविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार असलेले, प्रतिकारशक्ती दबलेले रुग्ण, रुग्णालयात काम करणारे आम्ही सर्व, आणि गर्भवती स्त्रिया: यांनी दरवर्षी घ्यावी. गर्भवतीला दिलेल्या लसीचे प्रतिपिंड बाळापर्यंत पोचतात आणि ज्या पहिल्या सहा महिन्यांत बाळाला स्वतःची लस देता येत नाही, त्या काळात त्याचे रक्षण करतात. हृदयरोग्यांबद्दल तर मला आग्रहच धरावासा वाटतो. कॅनडातील एका अभ्यासात, प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या फ्लूनंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता सुमारे सहापट आढळली. आणि झटका येऊन गेलेल्या रुग्णांना रुग्णालयातच लस टोचून पाहणाऱ्या, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण ४.९ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर आले. अँजिओप्लास्टीवर लाखो रुपये खर्च करणारे कुटुंब दीड-दोन हजारांच्या लसीबाबत ‘पुढे बघू’ म्हणते, तेव्हा मी हताश होतो. ज्यांना ते दीड-दोन हजारही परवडत नाहीत, त्यांची गोष्ट निराळी आहे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात या लसीला स्थान नाही, आणि निदान गर्भवतींसाठी व वृद्धांसाठी सरकारने तशी तजवीज करावी, असे मला मनापासून वाटते.

तिशीतल्या निरोगी माणसाविषयी मात्र मी तितक्या निश्चयाने बोलू शकत नाही. त्याचा व्यक्तिगत लाभ बेताचा आहे: बहुधा चार-पाच दिवसांचे अंथरूण टळेल, तेही लस जुळली तर. त्याच्या घरात तान्हे मूल किंवा धाप लागणारी आजी असेल तर मी त्याला ‘घे’ म्हणतो. नसेल तर त्याच्या इच्छेवर सोडतो, आणि या उत्तराबद्दल काही सहकारी माझ्यावर नाराज आहेत. धोक्याविषयी विचाराल तर १९७६ साली अमेरिकेत डुकरांच्या फ्लूच्या धास्तीने साडेचार कोटी लोकांना घाईने लस दिली गेली आणि लाखामागे सुमारे एकाला गियाँ-बारे नावाचा मज्जातंतूंचा विकार अधिक झाला, म्हणून ती मोहीम डिसेंबरात थांबवावी लागली. हे खरे आहे. आजच्या हंगामी लसीत ते प्रमाण, असलेच तर, दहा लाखांमागे एक-दोन इतके धरले जाते, आणि तोच विकार खुद्द फ्लूनंतर होण्याची शक्यता त्याहून जास्त असते. ज्याला पूर्वी या लसीने तीव्र प्रतिक्रिया झाली त्याने ती घेऊ नये, आणि ज्याला गियाँ-बारे होऊन गेला आहे त्याने डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. अंड्याची अॅलर्जी ही मात्र आता अडचण मानली जात नाही.

हा अंक हाती पडेल तेव्हा पाऊस सरलेला असेल. धोक्याच्या गटातील ज्या वाचकांनी या वर्षी लस घेतलेलीच नाही, त्यांनी जानेवारीतील लहान लाटेसाठी ती आता घ्यायला हरकत नाही. परंतु तेवढ्यावर पुढला पावसाळा निभावेल असे समजू नये, मेमध्ये नवी लस घ्यावी. ज्यांनी गेल्या मेमध्ये घेतली आहे, त्यांनी आता थांबावे. लहान मुलांविषयी बालरोगतज्ज्ञांची शिफारस सहा महिने ते पाच वर्षे या वयात दरवर्षी लस देण्याची आहे. पहिल्याच वर्षी तिचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने द्यावे लागतात, सबब त्यांचा पहिला डोस एप्रिलच्या मध्यापर्यंत व्हायला हवा, म्हणजे दुसऱ्या डोसानंतरचे दोन आठवडे शाळा उघडण्यापूर्वी आणि पाऊस येण्यापूर्वी पुरे होतील.