तापल्यावरचे मौन
आमची जुनी मोटार गार असताना निमूट चालते. तापली की भर रस्त्यात मौन धरते. मेकॅनिकने फ्युएल पंप बदलण्याचा सल्ला दिला. कारकुनाच्या मासिक अंदाजपत्रकात एवढा खर्च पुराव्यावाचून बसेना. गाडी बंद पडताच आम्ही स्टार्टर फिरवावयास लावला. इंजिन फिरत होते, स्कॅनरवरील फेऱ्यांचा आकडा मात्र शून्य! चाकाचे ५८ दात टिपून ठिणगीची वेळ कळविणारा क्रँकशाफ्ट सेन्सर मुका झाला होता. त्याच्याच टोकांवर मीटर लावला. गार असता ९०० ओहम रोध दाखविणारे तारेचे वेटोळे तापल्यावर तुटलेले निघाले. निवताच पुन्हा जुळले. पंप निर्दोष सुटला. ताप उतरल्यावर नाडी पाहून निदान कसे व्हावे?